आवळणाऱ्याची खूण

पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप अडकवून थोरल्याने सगळं अंग त्यावर टाकलं. बोल्ट तसूभरही हलला नाही. पाना मात्र निसटला आणि त्याची बोटं इंजिनाच्या कडेवर सोलवटली.

"हे त्याचंच काम," तो म्हणाला. "रेड्यासारखा आवळायचा."

बायको सुट्या भागांचे डबे लावत होती. दोन दिवस ती हेच ऐकत होती.

"भावजींना शिव्या घालून बोल्ट सुटत असते, तर एव्हाना इंजिन मोकळं झालं असतं. जाऊन पुस्तक बघा."

फ्लायव्हीलचे बोल्ट सहा. त्यातला एक जरी आत तुटला, तर मागचा क्रँकशाफ्ट भंगारात. तीन वर्षांपूर्वी एका टॅक्सीचा असाच तुटला होता. तो धाकट्यानेच आवळला होता असं ठरवून थोरल्याने टॅक्सीवाल्यासमोर, चार शेजाऱ्यांदेखत त्याचा पाणउतारा केला होता. धाकट्याने उलट शब्द काढला नाही. आठवडाभरात त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं गॅरेज थाटलं. वडिलांची हत्यारं थोरल्याकडे राहिली, दुरुस्तीची पुस्तकं धाकट्याने नेली, आणि बोलणं बंद झालं.

थोरला गेला तो धुमसतच. पुस्तक त्याने दारातूनच मागितलं.

"इथे बसून बघ," धाकटा म्हणाला. "न्यायचं नाही."

"माझ्या बापाचं आहे ते."

"मला काय वडील नव्हते, दादा?"

त्याने कप्प्यातून तेलकट, जाडजूड पुस्तक काढलं आणि न शोधता नेमकं पान उघडलं. आकृतीखालच्या कोऱ्या जागेत वडिलांनी लावलेली शिस्त होती: ज्याने बोल्ट आवळले, त्याने गाडीचा नंबर लिहून पुढे आपली खूण करायची. धाकट्याची निळी, थोरल्याची लाल.

थोरल्याने दुरुस्तीला आलेल्या गाडीचा नंबर हुडकला. लाल. शेजारी त्याचंच तिरकं अक्षर: डिंक लावून बसवलेत, काढताना आधी गरम करणे. दोन ओळी वर टॅक्सीचा नंबर होता. त्याच्यापुढेही लाल. त्याने अंगठ्याने खूण घासून पाहिली. कागदावर बोटाचं रक्त तेवढं लागलं.

"तुला ठाऊक होतं हे."

"पुस्तक माझ्याकडेच आहे की."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?" थोरल्याचा आवाज चढला. "बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठे होतंस? तू तर सांगत होतास."

थोरल्याने पुस्तक मिटलं. जोरात मिटायला गेला होता. शेवटी हात आवरला.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने गॅसचा बर्नर पेटवून पहिला बोल्ट तापवला आणि पाइप न लावता पाना फिरवला. कर्रकन आवाज झाला. बोल्ट सुटला.

बायकोने मान वर केली. "मग? कोणी आवळला होता?"

थोरला बोल्ट निवेपर्यंत फडक्याने पुसत राहिला. बोल्ट ठेवायची तबकडी हाताशी होती, तरी त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला.

"अजून पाच आहेत," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.