पोंगलच्या दिवशीची पाहुणी

हेमलतानं भातावर वरण वाढलं आणि पाहुणी मुलगी ताटावरून उठूनच उभी राहिली. तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर होती.

"हे पोलीस होते जी?"

"माझे मिस्टर. बस तू, जेव."

त्या मुलीच्या तोंडचं 'जी' ऐकून हेमलता सकाळपासून सुखावली होती. नवरा गेल्यावर ती चेन्नईला धाकट्या भावाकडे, रत्नाकरकडे, अण्णा नगरला राहायला आली, ती इथलीच झाली. तमिळ बोलायला शिकली, पण आपल्या मुलखाची बोली कानावर पडेनाशी झाली. रत्नाकर गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नव्या कामगारांना शिकवायचा. पोंगलची सुट्टी, वसतिगृहाची खानावळ बंद. "गडचिरोलीकडची आहे, तुळसी नाव, एकटीच राहिलीय तिथं," एवढंच सांगून तो तिला दोन दिवसांसाठी घरी घेऊन आला होता.

"कसे गेले जी ते?"

"भामरागडच्या रस्त्यावर. पुलाखाली सुरुंग पेरला होता."

"तुळसी, जेवून घे आधी," रत्नाकर घाईघाईनं म्हणाला. जरा जास्तच घाईनं. हेमलतानं त्याच्याकडे पाहिलं.

तुळसी बसली नाही. "सरांनी तुमाले सांगतलं नाई वाटते," ती हळूच म्हणाली. "मी नक्षल दलममध्ये होतो जी. जंगलात. मागच्या साली सरेंडर झालो."

वरणाचं पातेलं हेमलताच्या हातात तसंच राहिलं.

"तो पूल—"

"तो नाई जी. तवा मी लहान होतो, आश्रमशाळेत. पण दुसऱ्या एका पुलासाठी मी वायर नेली होती. तिथं कोण मेलं, मले कोणी सांगतलं नाई." तिनं पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "मी इचारलं बी नाई."

हेमलता पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मागोमाग रत्नाकर आला.

"ताई, तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मी तिला आत्ताच परत नेऊन सोडतो."

"कुठे सोडणार? खानावळ तर बंद आहे."

"बघतो काहीतरी. गावी पाठवता येत नाही, दलमवाले खबरी म्हणून मारतील तिला."

हेमलतानं नळ सुरू केला, पुन्हा बंद केला. "पकडली होती का तिला?"

"नाही. आई तापानं बेशुद्ध पडली होती, तर चौकीतल्या एका फौजदारानं तिला खाटेवर घालून दवाखान्यात पोचवलं. म्हातारी जगली आणि तिनं लेकीला निरोप धाडला. त्या निरोपावर ही रायफल ठेवून चालत आली. शोधायला पलटण गेली असती, तर मी आणखी आत पळाले असते, म्हणते."

उमाकांतचं, हेमलताच्या नवऱ्याचं, तेरावं होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा त्याच्या तुकडीतल्या मित्राचा फोन आला होता. "वहिनी, बदला घेतला. सात गेले." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ताडपत्रीवर ओळीनं निजवलेली माणसं आणि कडेला एक पोरगी, वेणीला लाल रिबीन. आता आपल्याला बरं वाटेल म्हणून हेमलता वाट बघत राहिली. तसं काही झालं नाही. महिनाभरात पोलिसांची दुसरी गाडी उडाली आणि टीव्हीवर तिच्याच वयाची कुणी बाई ऊर बडवताना दिसली. हेमलतानं टीव्ही बंद केला होता. त्या बाईचं नाव ऐकायचं राहूनच गेलं.

दारावरची घंटी वाजली.

ती बाहेर आली तेव्हा तुळसीनं आपलं ताट उचलून ठेवलं होतं. पिशवी खांद्याला लावून, चपला घालून ती दारापाशी उभी होती आणि हेमलतानं दार उघडताच समोर खालच्या मजल्यावरची रंजनी दिसली. हातात गोड पोंगलचा डबा, केसांत ताजा गजरा. रंजनीला कळलेली गोष्ट संध्याकाळच्या आत सगळ्या इमारतीला कळायची.

"यारु इदु?" तुळसीला आपादमस्तक न्याहाळत तिनं विचारलं. ही कोण?

तुळसीला तमिळ समजत नव्हतं, तरी प्रश्न आपल्याबद्दलचाच आहे हे तिनं ओळखलं असावं. ती भिंतीला टेकली आणि जिन्याकडे बघू लागली.

"एंग ऊरु पोण्णु," हेमलता म्हणाली. आमच्या गावची मुलगी.

रंजनीचा चेहरा खुलला. तिनं तुळसीच्या हनुवटीला हात लावला, डबा थेट तिच्याच हातात दिला आणि सणाचं काहीबाही बोलत खाली निघून गेली.

दार लागलं. तुळसी गरम डबा दोन्ही हातांत धरून उभीच राहिली.

"तुमी काय सांगतलं जी तिले?"

हेमलतानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. तिच्याकडे बघणं अजून जमत नव्हतं.

"चपला काढ," ती म्हणाली. "तुझा भात निवला असेल. दुसरा वाढते."