पन्नास वर्षांचं छप्पर

कलकत्त्यात बेहाल्यातल्या बाबांच्या कारखान्यावर छप्पर कशाचं घालायचं, हा वाद रघुनाथरावांच्या लेकीनं, शकुननं जिंकला होता. जिंकला म्हणजे अगदी बाबांना चीत करून! "राणीगंजची कौलं कालबैशाखीच्या एका वादळात उडतात. लोखंडी पत्रा इथल्या दमट हवेत बघता बघता गंजतो. सिमेंटचे पत्रे घाला बाबा, पन्नास वर्षं बघायला नको!" मॅट्रिकच्या वर्गात सायन्सला पहिली आलेली मुलगी सांगतेय म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली.

मग छप्पर पुरं झाल्यावर ते वरून पाहिल्याशिवाय तिला चैन कसलं पडतंय! मिस्त्री हातपाय धुवायला गेलेला पाहून ती शिडीवरून सरसर चढली. टोकाशी जाऊन ऐटीत बसली. मागं वळून पाहते तो काय, शिडी खांद्यावर टाकून मिस्त्री गल्लीच्या वळणावर! हाक मारेपर्यंत दिसेनासाही झाला.

आता आली का पंचाईत! सिमेंटच्या पत्र्यावर वाटेल तिथं पाय टाकता येत नाही. खाली वासा असेल तिथंच, बोल्टांच्या रांगेवरून चालायचं. मधे पाय पडला की कडाड! हे तिनंच बाबांना पढवलेलं. उडी मारावी तर खाली चहूकडे भंगार पसरलेलं. ती दोन बोल्टांवर पाय रोवून अंग चोरून बसली. ऊन डोक्यावर तळपत होतं.

इतक्यात खालून बाबांचा आवाज आला. सोबत बदलीवर कलकत्त्याला आलेले श्रीकांतराव होते.

"बोला मोकळेपणानं," बाबा म्हणाले. "इथं मराठी कळणारं कुत्रं नाही."

शकुनच्या घरी असंच चाले. चारचौघांत, भर ट्राममध्येसुद्धा, गुपितं खुशाल मराठीत.

"छप्पर झकास झालंय हो, रघुनाथराव."

"पन्नास वर्षांचं आहे! म्हणून तर म्हणतो, त्याच्याखाली बसायला आपलं माणूस हवं. मला मुलगा नाही. तुमच्या पुतण्याचा, चारुदत्तचा, लेथवर हात बसलाय. परीक्षा झाली की शकुनचं त्याच्याशी उरकून टाकू."

"मुलीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? छप्पर तिनंच निवडलंय!"

दोघंही खो खो हसले. शकुननं ओरडावं तर पाहुण्यांपुढं माकडासारखी छपरावर. गप्प बसावं तर खाली सुपारी फुटलीच समजा. कॉलेज तर गेलंच.

"मग आजच चारुदत्तला कळवतो," श्रीकांतराव म्हणाले.

"कळवू नका!"

शकुन वरून ओरडली. बाबा धावत अंगणात आले, वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कार्टे! हलू नकोस! पडशील!"

"मला कॉलेजात जायचंय, बाबा."

"आधी खाली ये, मग बोलू."

"खाली आले की तुम्ही म्हणाल, पाहुणे गेल्यावर बोलू. आत्ताच हो म्हणा. काकांसमोर."

"मी शेजारी शिडी बघतो हं," म्हणत श्रीकांतरावांनी काढता पाय घेतला.

बाप खाली, लेक वर. पत्रा तव्यासारखा तापला होता. पाय उचलावा तर ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"एक वर्ष जा कॉलेजात," बाबा शेवटी पुटपुटले.

"इंटर दोन वर्षांचं असतं."

श्रीकांतराव धापा टाकत शिडी घेऊन आले. बाबांनी ती त्यांच्या हातातून घेतली, उभी केली, आणि "एकच वर्ष," म्हणत छपराला न टेकवता तशीच धरून लेकीकडे बघत राहिले.