चिमूटभर

आचाऱ्यानं बायकोच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. तो भरून येण्याची वाट बघत आचारी जमिनीवर उकिडवा बसला होता. ती खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, त्याच्या टकलाकडे बघत होती.

"आला का वर?"

"येतोय."

"येऊ दे सावकाश. त्याला कुठे गाडी पकडायचीय."

तो हसला नाही. "दुपारी टाचा उचलल्या होत्यास?"

"उचलल्या."

"आणि खुर्चीतून उठबस?"

"केली. भिंतीला विचारा."

"भिंत तुझ्याच बाजूची."

तिचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी हाच शब्द वापरला होता. दमलेल्या हृदयाला अंगातलं पाणी उपसवत नाही, मग ते पायांत साठतं, तिथून वर चढतं. गोळ्या दिल्या होत्या, मीठ पूर्ण बंद केलं होतं आणि घरातल्या घरात बसल्या बसल्या करायचे व्यायाम सांगितले होते. सूज उतरली नाही तर काय, असं आचाऱ्यानं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ करून ठेवलं होतं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याचा जन्म गेला होता. माणूस आत शिरला तर दिसणार नाही एवढाली पातेली, आणि फावड्यासारखे झारे. घरी मात्र चूल तिची. दिवसभर वाफ खाल्लेल्या माणसाला घरी भूक कुठली? तो तिकडेच दोन घास खाऊन यायचा आणि घरी नुसता चहा घ्यायचा. ती आजारी पडली आणि त्याच्या हातात पहिल्यांदा घरचं छोटं पातेलं आलं. सुरुवातीला ते त्याला खेळण्यातलं वाटे. मग हळूहळू जमलं. भाज्या वाफेवर शिजवायच्या, तेल नुसतं दाखवायचं, लसूण भाजून घ्यायची, मिरी भरड कुटायची, लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. मिठाची बरणी फळीवरच होती, पालेभाजी मिठाच्या पाण्यात धुवायला आणि तिचे पाय शेकायला.

तो कधी चाखून बघत नसे. त्याच्या धंद्यात चाखणं म्हणजे कमीपणा. ज्या वस्तादाकडे तो शिकला, त्यानं चमचा तोंडाशी नेणाऱ्या पोराला त्याच दिवशी भांडी घासायला बसवलं होतं. वास बघायचा, उकळीचा आवाज ऐकायचा, बाकी सगळं हाताला ठाऊक असतं.

पथ्य सुरू झालं त्या आठवड्यात ती जेवताना म्हणाली होती, "अहो, खारट लागतंय हो."

तो केवढा हसला होता. "याला म्हणतात हात. मीठ नाही आणि जिभेला वाटतंय की आहे. लिंबू कधी पिळायचं ते कळावं लागतं, बाईसाहेब."

दुसऱ्या दिवशी त्यानं अख्ख्या कँटीनला ते सांगितलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. ताट मात्र रोज स्वच्छ करायची, शेवटचा थेंब बोटानं पुसून घ्यायची. आणि तो ते रिकामं ताट देवाचा प्रसाद मिळाल्यासारखं उचलून न्यायचा.

पण सूज उतरेना. घोट्यांवरून ती पोटऱ्यांवर आली आणि गुडघ्यांशी टेकली. औषधं वेळेवर, जेवण पथ्याचं. मग उरलं काय? आचाऱ्याला एकच जागा सापडली. ती व्यायामात कुचराई करते.

"तुला बरं व्हायचंच नाहीये," एकदा तो बोलून गेला. "मी तिकडून मरमर करून यायचं, इथे शिजवायचं आणि तू साध्या टाचा उचलायच्या नाहीस."

खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली, टाचा उचलल्या, टेकवल्या, पुन्हा उचलल्या. कपाळावर घाम फुटला तरी थांबली नाही. शेवटी त्यानंच तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

व्यायाम शिकवायला एक ताई यायची. तरुण होती, बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर घरभर फिरायची. त्या दिवशी तिनं खुर्चीतली उठबस करून घेतली, जागच्या जागी पावलं टाकून घेतली, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. आचारी ओट्याशी होता.

"काका, काकू सगळं करतात. मनापासून करतात. मला तरी कुठे चूक दिसत नाही."

"मग उतरत का नाही?" त्यानं झाकण काढलं. वाफ चेहऱ्यावर घेतली. "तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. जेवणात तर मी कणभर..."

"काका, ते काय टाकलंत?"

"काय?"

"आत्ता. पातेल्यात."

"मी? काही नाही."

ताईनं पेला खाली ठेवला. तिची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. त्यानंही तिकडे पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं अजून एकमेकांना चिकटलेली होती, टोकं वाफेनं ओली, आणि त्या ओलाव्यावर पांढरे कण. पलीकडे बरणीचं झाकण उघडं होतं.

"भाजी धुवायला घेतलं असेल," तो म्हणाला.

"भाजी शिजलीय, काका."

तिनं चमच्याचं टोक जिभेला लावलं. मग तो चमचा धुतला, पुसला, जागच्या जागी ठेवला आणि बाहेर जाऊन बूट घातले.

आचारी बराच वेळ तो हात अंगापासून लांब धरून उभा होता, जणू दुसऱ्या कुणाचा हात सांभाळायला दिला असावा. मग तसाच बाहेर आला.

"तुला कळत नव्हतं?"

तिनं हाताकडे पाहिलं आणि तिला समजलं. "कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते एकदा."

त्याला स्वतःचं हसू आठवलं. तो खालीच बसला. "दुसऱ्यांदा बोलायचंस. ओरडायचंस माझ्यावर."

"तुम्ही किती खूश होतात," ती म्हणाली. "आणि मलाही बरं वाटायचं हो. तेवढ्या वेळापुरतं वाटायचं, माझं काही बिघडलेलं नाही. संध्याकाळ झालीय, जेवायला बसलेय. बस."

त्यानं बरणी मोरीत उपडी केली. स्वयंपाक करताना तो उजव्या हाताला फडकं गुंडाळू लागला. हात तरीही झाकण काढल्यावर फळीकडे जायचा, रिकाम्या जागेवर फिरायचा आणि परत यायचा.

सूज उतरली. आठवड्यागणिक घोट्यांची हाडं वर आली. ताईनं टेप लावून मोजलं आणि मान डोलावली. पण घोट्यांबरोबर गळ्याचीही हाडं वर आली, मनगटाचीही. ती दोन घास खायची, तिसरा तोंडात घोळवत बसायची आणि ताट सरकवून म्हणायची, "छान झालंय." डॉक्टरांनी पाय बघितले, छाती तपासली. पाणी कमी आहे, म्हणाले. हृदयाची ताकद तेवढीच आहे, उलट थोडी कमीच. पथ्य चालू ठेवा. आणि यांना काहीतरी खायला घाला.

येताना आचाऱ्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाची पिशवी घेतली.

त्या संध्याकाळी त्यानं गाजर आणि वाटाणे शिजवले. फडकं सोडून ठेवलं. झाकण काढलं आणि थांबला. आज हात जागचा हलेना. इतके दिवस न सांगता गेला, आज सांगूनही जाईना. शेवटी त्यानं पिशवीत बोटं घातली, चिमूट धरली, आणि डोळे उघडे ठेवून सोडली.

ताट तिच्यापुढे ठेवून तो समोर बसला. तिनं पहिला घास घेतला. जबडा थांबला. खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर एक जुनी ओळख उमटली, आणि मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

तिनं घास गिळला. ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं.

"खा ना," तो म्हणाला. "थोडंच आहे. तुझ्यासाठी केलंय."

"तुम्हाला माहीत नव्हतं तोवर चाललं," ती म्हणाली. "आता नको. माझ्यामागे तुम्हाला झोप यायला हवी."

तिनं चमचा फिरवून दांडा त्याच्याकडे केला.

"तुम्ही खा. घरचं एकदाही खाल्लं नाहीत."

मग ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, पाठ धरून उभी राहिली आणि टाचा उचलू लागली. त्यानं चमचा घेतला. पहिला घास तोंडात टाकला. मीठ अगदी बेताचं होतं.