काचेआडचं ऊन

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. जाड, किरमिजी, दुहेरी अस्तराचा. माझी गोष्ट सांगायचा मला फारसा हुरूप नाही, कारण तिच्यात कौतुकापेक्षा लाजच जास्त आहे. पण लाजेपायी गप्प बसलो, तर तुमच्या घरातला एखादा पडदाही माझ्यासारखाच फुशारून लटकत राहील. तेव्हा ऐकाच.

मला आत्यानं शिवलं. ती रफूचं काम करायची. कोटाला भोक पडो की शालीला कसर लागो, ती त्याच कापडातला धागा काढून अशी वीण घालायची, की ज्याचा कपडा त्यालाही जागा सापडू नये. एकदा एका गिऱ्हाइकाचा निळा कोट खिडकीपाशी टांगून राहिला आणि त्याची एक बाही उन्हानं पांढुरकी पडली. गिऱ्हाईक असं कडाडलं की आत्यानं कानाला खडाच लावला. त्याच दिवशी तिनं मला बेतलं, शिवलं आणि खिडकीवर चढवलं.

मग काय विचारता! येणारा-जाणारा मला हात लावून बघायचा. "पडदा असावा तर असा. सूर्याची काय बिशाद आत यायची!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. आत्या दिव्याच्या उजेडात टाके घालायची आणि मी उन्हाला खिडकीतूनच परत पाठवायचो. त्या खोलीत एकाही कपड्याचा रंग पुन्हा विटला नाही.

त्याच खोलीत आत्याची भाची वाढत होती. तिचे आई-बाबा सकाळीच कामाला जात, ते दिवेलागणीला परतत. पोरीची दिवसभर टिवटिव चाले, म्हणून आत्या तिला टिटवी म्हणे. बटणांचा डबा आणि चिंध्यांची बाहुली घेऊन ती माझ्या सावलीत खेळायची. आत्या तिला बाहेर सोडत नसे. "बाहेर धूळ, गार वारा. उगाच सर्दी व्हायची!"

आणि सर्दी तर घरातच ठाण मांडून बसली होती. खोकला थांबला म्हणावं तर ताप, ताप उतरला म्हणावं तर नाक पुन्हा वाहतंय. आत्या तिला आणखी गुंडाळायची आणि मला आणखी घट्ट ओढायची. जीव लावण्यात ती कुठंच कमी नव्हती, मित्रांनो.

एकदा दवाखान्यातल्या नर्सताई लहान मुलांची चौकशी करत घरी आल्या. टिटवीची छाती वाजत होती. त्यांनी विचारलं, "ही उन्हात खेळते ना?"

"खेळते की! रोज," आत्या पटकन बोलून गेली.

बाहेर भर दुपार, आणि खोलीत दिवा लागलेला. नर्सताईंनी एकवार दिव्याकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे. "हिचं रक्त तपासून घ्या. ड जीवनसत्त्व कमी पडलं असेल," एवढंच सांगून त्या गेल्या. पण चोराच्या मनात चांदणं. तपासणीत आपलं खोटं उघडं पडेल, या धास्तीनं आत्यानं ती टाळली. मला तर त्या नजरेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण कुणालाच दिसू नये, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला बाजूला सारलं आणि टिटवीला खिडकीशी उन्हात बसवलं. मी कोपऱ्यात गोळा होऊन बघत होतो. वाटलं, चला, फिटलं आपलं पाप! काच मात्र आत्यानं उघडली नाही. वारा लागेल ना पोरीला!

थंडी वाढली आणि एका दुपारी टिटवीची टिवटिव थांबली. श्वासागणिक तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली. आत्याची पाचावर धारण बसली. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि सगळे तिला घेऊन इस्पितळात धावले. खोलीत मी राहिलो आणि सुई टोचलेली एक अर्धवट शाल. त्या दिवसांत कोपऱ्यातला बटणांचा डबा मला बघवत नव्हता.

टिटवी वाचली. घरी आली तेव्हा आत्याच्या खांद्यावर चिंधीसारखी पडली होती. सोबत नर्सताई होत्या. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं होतं.

"अहो, पण मी रोज बसवत होते हिला उन्हात! इथं, खिडकीशी," आत्या म्हणाली.

"काच उघडून?"

आत्यानं बंद काचेकडे पाहिलं.

"काचेतून ऊब येते, उजेड येतो," नर्सताई म्हणाल्या. "पण ज्या किरणांनी आपली कातडी ड जीवनसत्त्व बनवते, त्यांना काच बाहेरच अडवते. हे जीवनसत्त्व हाडांना तर लागतंच, शिवाय छातीत शिरणाऱ्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही लागतं. फारच कमी पडलं की हे पहारेकरी पेंगतात."

"आधी तर पडदासुद्धा उघडत नव्हते मी," आत्याचा बांध फुटला. "खोटं बोलले तुमच्याशी. लोकांचे कोट विटू नयेत म्हणून पोरीला अंधारात ठेवलं हो!"

"एकट्या पडद्यानं कुणी आजारी पडत नाही, आत्याबाई. जंतू सगळ्यांच्याच घरी येतात. तुम्ही लाजून लपवलंत, तेवढं मात्र चुकलं. आता डॉक्टरांनी दिलेले थेंब सांगितले तेवढेच द्या. जास्त दिलेत तर बाधतील. आणि थेंब म्हणजे जादू नव्हे, सर्दी अधूनमधून व्हायचीच. पोरीला जरा अंगणात खेळू द्या."

त्या गेल्यावर आत्यानं मला उतरवलं. कात्री हातात घेतली. मी म्हटलं, आली आपली वेळ, आणि आपण त्याच लायकीचे! पण तिनं माझं छानसं बसकर शिवलं आणि अंगणात अंथरलं.

आता टिटवी माझ्यावर बसून बाहुलीला जेवू घालते. कधी शिंकते, पण छाती वाजत नाही. आत्याही बाह्या सरसावून शेजारी सुई चालवते. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, याचा रंग पार विटला की!"

"विटू दे," आत्या म्हणाली आणि मला आणखी थोडं उन्हात ओढलं.

मित्रांनो, माझी लाज अजून पुरती गेलेली नाही. म्हणून एवढंच मागतो. माझ्या भाऊबंदांना बाजूला सारा, पण तेवढ्यावर थांबू नका. दाराची कडीही काढा. आणि कुणी विचारलंच, "उन्हात खेळता ना?" तर जे असेल ते खरं सांगा.