पात्यांवरची झडप

आमच्या गावात नवा माणूस भेटला की आधी त्याच्या हातांकडे बघायची रीत होती. नदीकाठी खुर्च्यांचे कारखाने, आणि प्रत्येकात रंध्याचं यंत्र. पाती अशी फिरायची की डोळ्यांना दिसतच नसत. दहाही बोटं शाबूत असलेल्या सुताराला लोक विचारत, "काय रे, आजच लागलास का कामाला?" माझा धाकटा दीर सायलस याच थट्टेवर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. त्याच यंत्रात त्याचा पंजा कापला, धनुर्वात झाला आणि आम्ही त्याला टेकडीवर पुरलं.

त्यानंतर माझ्या नवऱ्यानं, अल्फियसनं, ती झडप बनवली. फळी पुढे ढकलली की बाजूला सरायची, फळी निघून गेली की स्प्रिंगनं परत पात्यांवर यायची. इतकी साधी, की आधी कुणाला सुचली कशी नाही याचाच राग यावा. मग जो मागेल त्याला त्यानं ती फुकट बसवून दिली. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा माणूस. बदल्यात कुणी सफरचंदाच्या सायडरचं पिंप धाडलं, कुणी नुसताच खांद्यावर हात ठेवला.

पेटंट घ्यायचं सुचलं ते फार उशिरा, त्याला खोकला लागल्यावर. छातीत भुसा भरला होता. पुढचा हिवाळा कारखान्यात काढलास तर वसंत दिसणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. झडपेचा छोटा नमुना वॉशिंग्टनला गेला, पेटंट मिळालं. तोवर शेजारच्या गावचा एक मोठा कारखानदार तीच झडप बिडात ओतून विकायला लागला होता. आम्ही दावा लावला. जिंकलो तर झडपेच्या पैशावर अल्फियस घरी शेकोटीजवळ बसणार होता, हरलो तर पुन्हा भुसा.

दाव्याच्या साक्षी गावातल्या खानावळीच्या माडीवर झाल्या. अल्फियससाठी जीव टाकणारी माणसं रविवारचे कोट घालून आली. जिन्यातच त्यांचं भांडण जुंपलं, पहिली झडप कुणाकडे बसली यावरून. शेजारचा लेम्युएल ऑर्कट म्हणे माझ्याकडे, हायरम टफ्ट म्हणे तुझ्या कितीतरी आधी माझ्याकडे. मलाही हसू आलं. इतका मान आपल्या माणसाला मिळतोय म्हणून बरंच वाटलं.

कारखानदाराचा वकील भलताच गोडबोल्या. झडप खरोखरच एवढी चांगली आहे का, असं त्यानं लेम्युएलला विचारलं.

"साहेब, शपथेला वर केला ना, तो हात तिच्यामुळेच आहे," लेम्युएल म्हणाला.

"मग बरेच दिवस वापरत असाल?"

"दिवस कसले, पाच वर्षं झाली. रोज. रविवार सोडून." मग मागे वळून हायरमकडे बघत, "गावात पहिली माझीच."

हायरम कुठला ऐकतोय. त्यानं सहा वर्षं सांगितली.

आमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. जिन्यात त्यानं मला समजावलं, की पेटंट मागण्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ वस्तू लोकांच्या वापरात असली तर पेटंट बाद होतं, मग ती कुणीही बनवावी. अल्फियसनं त्याला झडप हल्लीच तयार झाली म्हणून सांगितलं होतं. त्याच्या लेखी शेवटची स्प्रिंग मनासारखी बसली तेव्हा झडप झाली. त्याआधीच्या सगळ्या कच्च्या. आणि त्या कच्च्या झडपांनी अख्खं गाव धडधाकट ठेवलं होतं.

दावा गेला. अल्फियस हिवाळाभर कारखान्यात राबला आणि फेब्रुवारीत त्यानं अंथरूण धरलं. लेम्युएल आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"जितकी जास्त वर्षं सांगीन तितकं तुझं भलं होईल, असं वाटलं रे मला."

"खोटं थोडंच बोललास?" अल्फियस म्हणाला. त्यानं लेम्युएलला जवळ बसवलं आणि त्याचा हात कितीतरी वेळ आपल्या हातात धरून ठेवला. मला ते बघवेना. मी लाकडं आणायला बाहेर गेले.

मार्चमध्ये अल्फियस गेला. शवपेटी लेम्युएलनं केली, सांधा कुठे शोधून सापडणार नाही अशी. मी त्याला घरात घेतलं, कॉफी दिली. केवढं मोठं मन बाईचं, असं गाव म्हणालं. पण कपाभोवतीची त्याची पाच बोटं मी बघत होते, आणि मनात एकच येत होतं, की लेम्युएल एका हातानंही जगला असता.