दगडातली पाल

तिने दगड थर्माकोलच्या खाचेत उभा केला, चिकटपट्टीचा आणखी एक वेढा दिला आणि यंत्राचं जड दार लोटलं. मुठीत मावेल एवढा तो दगड. एका बाजूला पालीसारख्या प्राण्याचा कणा आणि थोड्या बरगड्या उघड्या पडलेल्या. बाकी सगळं आत.

"पेशंटचं वय?" सीटी स्कॅन करणाऱ्या बाईंनी विचारलं. एरवी त्या या स्कॅनने कारखान्यांतल्या यंत्रांचे सुटे भाग तपासायच्या.

"वीस कोटी वर्षं."

"मग हलायची भीती नाही."

आत दगड सावकाश फिरू लागला. काही वेळाने पडद्यावर करड्या चकत्या उमटल्या, पावाचे काप करावेत तशा. शेपटी आली, कंबर आली, खांदे आले. मानेचे मणके आले तशी तिने खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर नुसताच दगड.

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"पुन्हा एकदा बघूया का?"

पुन्हा पाहिलं. डोकं नव्हतंच.

हा दगड तिच्या सरांना तरुणपणी सापडला होता. आत कवटी आहे, असं ते जन्मभर छातीठोकपणे सांगत आले. फोडला तर हाडांचा भुगा होईल म्हणून दगड फोडला नाही, आणि कवटी पाहिल्याशिवाय प्राण्याला नावही दिलं नाही. "तिचं डोकं नंतर शोधा, आधी स्वतःचं सापडतंय का बघा," असं सरांच्या पत्नी, काकू, त्यांना म्हणायच्या. काकू गेल्या, मुलगी परदेशी स्थायिक झाली. त्यांची ही शेवटची विद्यार्थिनी मात्र दर शनिवारी त्यांच्या घरी जायची आणि दगडाबद्दल बोलून परत यायची. तिच्या घराचं कुलूप उघडायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. सरांनी ते कधी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं.

एक शनिवार तिने तापाचं निमित्त काढून चुकवला. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन गेली.

"सर, कवटी नाहीये."

"सगळं दाखव."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याला जवळजवळ नाक लावलं. चकत्या स्वतःच पुढे नेल्या. मानेपाशी बोट थांबलं, मग शेवटपर्यंत गेलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"लिहून टाक. माझं चुकलं असं स्वच्छ लिही. आडपडदा नको."

"एवढी काय घाई आहे, सर?"

"मी असेपर्यंत लिही. मी गेल्यावर वाचणार कोण?"

तिला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. ती लॅपटॉप मिटू लागली.

"म्हणजे तुझं इकडचं काम संपलं," सर खिडकीकडे बघत म्हणाले.

तिचा हात झाकणावरच राहिला. मग तिने ते पुन्हा उघडलं आणि चकत्या मागे मागे नेल्या. कमरेखाली, दगडाच्या पोटात, मागचा एक पाय दुमडून राहिलेला होता. आजवर तो कोणी पाहिलाच नव्हता.

"हा आहे की अजून. एकेक हाड मोजायचं, चित्रं काढायची. मला एकटीला नाही जमणार."

"तुला चांगलं जमतं."

"नाही जमत, सर," ती म्हणाली. "एकटीला नाही."

सरांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा चढवून ते पडद्यावर वाकले.

"बोटं किती?"

"पाच."

"मग शनिवारी एकच बोट घ्यायचं," ते म्हणाले. "सगळी एकदम उरकायची नाहीत."