नीरफणसावर टांगलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. माझी काच तडकली आहे आणि बॅटरी फुगली आहे. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे, पण मी स्वतःला फिजीतल्या कांदावू बेटाचाच समजतो.

लोसालिनीने मला राजधानी सुवाच्या बाजारातून आणले. पुढे ती म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा मला वडिलांपाशी ठेवून गेली. साखरेच्या आजाराने सेमेसाबाबांचा एक पाय गेला होता. घरात रेंज नाही, ती फक्त मागच्या चढावर, नीरफणसाच्या झाडापाशी. तिथवर बाबा जाणार कसे?

जाण्याआधी लोसालिनीने मला झावळीच्या टोपलीत घालून त्या झाडाच्या फांदीला टांगले. बाबांचा आतेभाऊ नेमानी, त्याला तिने शिकवले, "काका, आधी मोबाइल डेटा, मग हॉटस्पॉट. खाली तुमच्या फोनवर वायफाय लावून पासवर्ड टाकायचा."

ती गेल्यावर पहिल्याच दिवशी काका डेटा लावायला विसरले. फोन जोडला गेला, पण इंटरनेट येईना.

"तुझा फोन तुझ्यासारखाच मठ्ठ आहे," ते बाबांना म्हणाले.

"मठ्ठ माणसाच्या हातात दिल्यावर काय करेल बिचारा?" बाबांनी लगेच परतवले. आतेमामेभावांनी एकमेकांची अशी टिंगल करायचीच, ही आमच्याकडची रीत.

दुसरीही एक रीत आहे. आपल्या माणसाने काही मागितले तर नाही म्हणायचे नाही. शेजाऱ्यांनी पासवर्ड मागितला, बाबांनी देऊन टाकला. माझे नाव झाले. येता-जाता लोक टोपलीकडे बघून हात हलवत. खरे सांगतो, मी जरा फुगलोच होतो.

मग लोसालिनीचे लग्न ठरले, तिकडच्याच चर्चमध्ये. वचने देण्याआधी तिला फोनवर बाबांचा आशीर्वाद हवा होता. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, नेमानीकाकांचा फोन हातात धरून बसले. पण लग्न सगळ्यांनाच बघायचे होते. घरोघरी फोन उघडले, सगळे मलाच जोडलेले. मी तापलो, धापा टाकू लागलो. पडद्यावर लोसालिनी ओठ अर्धे उघडून थिजली.

"पासवर्ड बदलून येतो," काका म्हणाले. "सगळे आपोआप बाहेर पडतील."

"दिलेलं परत घ्यायचं? नाही."

"अरे, पोर तिकडे ताटकळलीय!"

"कळतंय मला," बाबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले.

एरवी काकांनी टोमणा मारला असता. त्या दिवशी ते तडक बाहेर पडले आणि पहिल्याच दारात मांडी घालून बसले. "मी मागायला आलोय. थोडा वेळ तुमचं वायफाय द्या, सेमेसाला." मागितल्यावर नाही कोण म्हणणार? त्या घरातले फोन बंद झाले. मग पुढचे घर, मग त्याच्या पुढचे. माझ्यावर जोडलेल्या फोनांचा आकडा उतरत गेला. शेवटी एकच उरला, आणि लोसालिनी हलली.

"बाबा! दिसताय मला!"

"बाळा, माझा पाय तिथवर येऊ शकला नाही गं," बाबा म्हणाले. "पण मी आलोय. सुखी राहा." ती रडत हसली. मग बाबांनी दाराशी जमलेल्या शेजाऱ्यांना हाक मारली, "बाहेर काय उभे राहिलात? आत या सगळे!" लहानशा खोलीत माणसे खेटून बसली आणि त्या एकाच फोनवर सगळ्यांनी लग्न पाहिले.

त्यानंतर मी फार काळ चाललो नाही. ऊन मला बाधले. मित्रांनो, तुमच्या घरातला फोन तापला तर त्याला सावलीत ठेवा, घडीभर विसावा द्या. आणि शेजारी कुणी आपल्या माणसाचा चेहरा दिसायची वाट बघत असेल, तर त्याने मागायच्या आधीच आपला फोन थोडा वेळ बंद करा. सेमेसाबाबा कधीच मागणार नव्हते.